एकटं बसण्याचा ठराव

सावाई बेटावर एकट्या बाईला कसलाही धोका नाही, असं पर्यटकांच्या पुस्तिकेत छापलं होतं. ते खरंही होतं. त्याचं कारण छापायला मात्र जागा पुरली नसावी. त्या बेटावर बाईला एकटं राहूच देत नाहीत.

ब्रॉन्विनबाईंना हे कळायला फेरीबोटीतला दीड तास पुरला. बोट धक्क्यावरून सुटते न सुटते तोच शेजारच्या जाडजूड बाईनं विचारलं, "कुठे निघालात?"

"बेटाला चक्कर मारायला."

"बरोबर कोण?"

"कुणी नाही."

त्या बाईनं ब्रॉन्विनबाईंच्या मागे पाहिलं, बाकाखाली पाहिलं, आणि कुणीच नाही अशी खात्री पटल्यावर त्यांची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. मग मागे वळून काहीतरी बोलली. मागच्या तीन रांगांत चर्चची गायक मंडळी बसली होती. बोट पलीकडे लागेपर्यंत ब्रॉन्विनबाईंच्या दोन्ही बाजूंना, समोर आणि पायाशी माणसं आली होती, आणि सगळी त्यांच्याकडे हळव्या नजरेनं बघत दुःखाच्या चालीवरचं गाणं म्हणत होती.

तसा मामला गंभीर होता. बाई त्रेसष्ट वर्षांच्या. ऑस्ट्रेलियात बॅलारॅट गावी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा डेस जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी इमोजेन मेलबर्नला राहायची, आणि तिनं घरामागच्या अंगणात आईसाठी एक खोली बांधायचं ठरवलं होतं. नकाशाही तयार होता. पलंग, छोटा ओटा, न्हाणीघरात धरायला तीन दांडे. त्यासाठी बॅलारॅटचं घर विकायचं. बाईंना ते विकायचं नव्हतं. पण 'मी राहीन एकटी' असं ठणकावून सांगायची सोय नव्हती, कारण त्या जन्मात एक दिवसही एकट्या राहिल्या नव्हत्या. माहेरी चार बहिणींत एक खोली, मग शिक्षिकांचं वसतिगृह, मग डेस आणि मुलं, आणि डेस गेल्यावर नातवंडं पाळीपाळीनं मुक्कामाला.

"आई, तू फ्लूची सुई टोचून घ्यायलासुद्धा सोबत नेतेस," इमोजेन म्हणाली होती. ती सोबत म्हणजे इमोजेनच असल्यामुळे वाद घालता आला नाही.

तेव्हा बाईंनीच अट घातली. आठवडाभर परक्या देशात एकटी फिरून येते. जमलं तर घर राहील. नाही जमलं तर बसव तुझे दांडे. काँक्रीटची गाडी सोमवारी सकाळी यायची होती. उत्तर शनिवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

आता गुरुवार उजाडला होता आणि बाईंच्या खात्यावर एकटेपणाचं एक मिनिटही जमा नव्हतं.

प्रयत्नांत कसूर नव्हती. सोमवारी त्या बसमध्ये खिडकीशी एकट्या बसल्या, तर पुढच्या थांब्यावर एक शाळामास्तरीण आली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे सरळ त्यांच्या मांडीवर बसली. तासभर तिनं मांडीवरूनच बाईंच्या नवऱ्याच्या आजाराची चौकशी केली. मंगळवारी लाव्ह्याच्या काळ्या खडकांतून बेटाच्या टोकापर्यंत दोन मैल एकटीनं चालायचं ठरवून त्या पहाटेच निघाल्या. पहिल्याच घरातून हाक आली, "कुठे निघालात? एकट्याच?" आणि एक म्हातारी छत्री घेऊन बरोबर आली. दुसऱ्या घरातून तिची सून निघाली. कारण म्हातारीला एकटं परत कसं यायला द्यायचं? टोकाला पोचेपर्यंत अकरा माणसं, दोन कुत्री आणि एक गिटार झाली होती. टोकावर सगळ्यांनी बाईंचे फोटो काढले. एकाही फोटोत बाई एकट्या नव्हत्या.

बुधवारी त्या सालेमुली गावात फुआतिनोकडे मुक्कामाला आल्या, आणि मग तर आशाच संपली. फुआतिनोच्या घराला सोळा खांब होते, वर छप्पर होतं आणि भिंत एकही नव्हती. रात्री नऊ माणसं चटयांवर झोपायची आणि दहाव्या ब्रॉन्विनबाई, मधोमध, घरातल्या एकमेव मच्छरदाणीत. कूस बदलली की चारही बाजूंनी कुणीतरी विचारायचं, "पाणी हवंय?"

फुआतिनो छप्पन वर्षांची, नऊ लेकरांची आई. अंगानं काटक, आवाजानं मात्र भरदार. पाहुणीला एकटं सोडलं तर गावात आपलं नाक कापलं जाईल अशी तिला धास्ती होती, आणि म्हणून ती बाईंना क्षणभरही दृष्टीआड करत नव्हती. गुरुवारी सकाळी बाई तिला म्हणाल्या, "मला जरा एकटीला जाऊन यायचंय." फुआतिनोनं समजूतदारपणे मान डोलावली, हातात कागदाची गुंडाळी दिली आणि मागच्या आवारातल्या पत्र्याच्या संडासाकडे बोट दाखवलं. शिवाय दाराबाहेर उभी राहायला मुलगी पाठवली.

संडासात बाईंनी घड्याळ लावून पाहिलं. चार मिनिटांनी बाहेरून विचारणा झाली, "सगळं बरं आहे ना?"

शुक्रवारी दुपारी त्यांचा बांध फुटला. फुआतिनो अळूच्या पानांत नारळाचा रस बांधत होती आणि तिची थोरली मुलगी बाईंना विणलेल्या पंख्यानं वारा घालत होती.

"तो पंखा बंद कर," बाई म्हणाल्या. "फुआतिनो, मला समुद्रावर जाऊन बसायचंय. एकटीला. बरोबर कुणी नको. तू नको, मुलगी नको, कुत्रंसुद्धा नको."

पंखा थांबला. फुआतिनोनं हात पुसले.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही."

"कुणी काही बोललं?"

"सगळेच बोलतात, दिवसभर बोलतात. पण त्याचा राग नाही."

"मग ताप आलाय?" तिनं बाईंच्या कपाळाला हात लावला. "तिथं खडकावर बसलेल्या बाईला भूत धरतं हो. एकटी दिसली की धरतंच. माझ्या मावशीला धरलं होतं. तीन महिने नुसती हसत होती."

आता उत्तर द्यायला फक्त एक दिवस उरला होता. बाईंनी वैतागून सगळं सांगून टाकलं. डेस, बॅलारॅटचं घर, इमोजेन, अंगणातली खोली, सोमवारची गाडी. फुआतिनो ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव आला की बाईंना वाटलं, चला, पोचलं एकदाचं.

"म्हणजे लेक घरात राहते," फुआतिनो म्हणाली, "आणि आईला मागच्या अंगणात ठेवणार."

"तसं नाही. खोली चांगली आहे."

"वेगळी?"

"वेगळी."

"भिंती आहेत?"

"असणारच ना भिंती."

"किती?"

"चार."

"अरेरे," फुआतिनो म्हणाली. पंखेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि आत तुमच्याबरोबर कोण निजणार?"

"कुणी नाही. अगं, पण मला ती खोली नकोच आहे. मला माझ्या घरात—"

"नकोच असणार. कुणाला हवीशी वाटेल?" फुआतिनोनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "म्हणून आत्तापासून सवय करताय होय. आधी नाही का सांगायचं? आम्ही आपले उगाच मागे मागे."

बाईंनी तोंड उघडलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की या गैरसमजाच्या पलीकडच्या टोकाला एक रिकामा समुद्रकिनारा आहे. त्यांनी तोंड मिटलं.

त्या संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी फुआतिनोच्या नवऱ्यानं देवाकडे पाऊस, पीक आणि थोरल्या मुलाच्या गुडघ्याबद्दल मागणं मागितलं, आणि शेवटी मेलबर्नच्या इमोजेनचं हृदय मऊ कर, असंही मागितलं. सगळे 'आमेन' म्हणाले. ब्रॉन्विनबाईही म्हणाल्या, दुसरं काय करणार.

शनिवारी सकाळी महिला मंडळाची बैठक भरली. सालेमुलीत पाण्याच्या नळापासून लग्नाच्या चटयांपर्यंत सगळं मंडळ ठरवतं. अध्यक्ष वाएलुपे, सत्तरीची. गावातल्या प्रत्येक घराची स्वच्छता ती दर महिन्याला पलंगाखाली वाकून तपासायची, आणि तिच्यासमोर पुरुषमंडळीही सिगारेट लपवायची. पाहुणी म्हणून ब्रॉन्विनबाईंना पुढच्या चटईवर बसवलं होतं. त्यांना बोलायची परवानगी नव्हती, कारण विषय त्यांचाच होता.

"पाहुणीला एकटं बसायचा सराव हवाय," वाएलुपेनं सुरुवात केली. "लेक तिला कोंडणार आहे. आपल्या गावातून ती तशीच, न शिकता गेली तर उद्या म्हणतील, सालेमुलीकरांनी काही मदत केली नाही."

"किती वेळ बसायचंय?" मागून एकीनं विचारलं.

"दिवसभर," ब्रॉन्विनबाईंनी न राहवून सांगितलं.

सगळीकडून चुकचुकण्याचा आवाज आला.

"पहिल्याच दिवशी एवढं नको," वाएलुपे म्हणाली. "झेपायचं नाही. एक तास. तीन ते चार. जागा, वडाखालची वाळू. आता प्रश्न असा, की एकटं बसायला तिच्याबरोबर किती जणी लागतील?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बोलू नका. भुताचं काय?"

भुताबद्दल बरीच चर्चा झाली. सहा जणी पुरतील असं काहींचं म्हणणं, बारा तरी हव्यात असं काहींचं. ज्यांची नावं यादीत आली नाहीत त्या रुसल्या. मग सगळ्यांनीच जायचं ठरलं. पण पाहुणीपासून तीस पावलांवर, गोल करून, आणि पाठ तिच्याकडे.

"बोलायचं नाही," फुआतिनो म्हणाली.

"एक तास?" तीन-चार जणींनी एकदमच विचारलं.

"हळू बोलायचं," वाएलुपेनं दुरुस्ती केली. "सुरू करताना शंख, संपताना शंख. अनुमोदन?"

सव्वीस हात वर झाले. सत्ताविसावा हात ब्रॉन्विनबाईंनी वर केला, तो धरला गेला नाही.

दुपारी तीनला पेनीनं शंख फुंकला. पेनी म्हणजे फुआतिनोचा दीर, संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकणारा. अर्ध्या दुपारी शंख ऐकून गावातले पुरुष प्रार्थनेलाच निघाले आणि वाटेतून परत फिरवावे लागले.

ब्रॉन्विनबाई वडाखाली वाळूत बसल्या. तीस पावलांवर सव्वीस पाठी होत्या. फुलाफुलांच्या, रुंद, अरुंद, एकीच्या खांद्यावर तान्हं मूल. ते बाईंकडे टक लावून बघत होतं, कारण ठरावात त्याचा उल्लेख नव्हता.

पहिली दहा मिनिटं बाई भीतीची वाट बघत बसल्या. ती आली की ओळखायची, आणि इमोजेनला कळवून टाकायचं. भीती आली नाही. आला तो राग. ही काय एकटं बसायची रीत झाली? आठवडा गेला, तिकिटाचे पैसे गेले, आणि पदरात काय, तर सव्वीस पाठी. एकीकडून कुजबुज आली, दुसरीकडून कुणीतरी हसू दाबलं. तान्ह्यानं ढेकर दिला. बाईंनी दात आवळून समुद्राकडे पाहिलं.

पायाशी एक खेकडा बिळातून अर्धा बाहेर आला, बाईंना पाहून आत गेला, पुन्हा आला. मग तो वाळूची गोळी करून बाहेर टाकायला लागला. एक, मग दुसरी. बाईंनी वीसपर्यंत मोजल्या आणि मग मोजणंही सुटलं.

बॅलारॅटच्या स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला लावलेलं होतं. छत्तीस वर्षं. डेसला पाठीमागून वारा चालायचा नाही. ते खिडकीखाली घेतलं तर सकाळी लिंबाचं झाड दिसेल. मग खुर्च्या दोनच पुरतील. खरं तर एकच पुरेल, दुसरी वर्तमानपत्र ठेवायला. म्हणजे काचेचं कपाट तिथून हलवावं लागणार. ते कुठे न्यायचं? दिवाणखान्यात नेलं तर दार पुरतं उघडत नाही. बोळात नेलं तर अंधारात ठेच लागणार. मागच्या खोलीत, इमोजेनच्या जुन्या पलंगाच्या जागी—

शंख वाजला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून शेहेचाळीस मिनिटं. सव्वीस पाठींचे सव्वीस चेहरे झाले होते आणि सगळे त्यांच्या दिशेनं धावत येत होते.

"झालं हो, झालं," फुआतिनोनं त्यांना मिठी मारली. "सुटलात."

"अजून चौदा मिनिटं आहेत," ब्रॉन्विनबाई म्हणाल्या.

"असू देत. पुष्कळ झालं."

"चौदा मिनिटं आहेत माझी. शंख कुणी वाजवायला सांगितला?"

पेनीनं वाएलुपेकडे पाहिलं. वाएलुपे दम खात म्हणाली, "मी सांगितलं. तुम्ही डोळे पुसत होतात. माझ्यानं बघवेना."

"घाम होता तो. आणि तुम्ही बघत होतात?"

"अध्यक्षाला बघावंच लागतं."

"तुम्ही सगळ्या बसा परत," बाई म्हणाल्या. शाळा सोडल्यापासून त्यांचा आवाज इतका चढला नव्हता. "पाठ करून बसा. माझं कपाट अजून कुठेच लागलेलं नाही."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. खडकावर एकट्या बसलेल्या मावशीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. फुआतिनोनं हळूच विचारलं, "कपाट कसलं, ताई?"

"काचेचं. टेबल खिडकीखाली आणल्यावर ते अडतं. तेवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि तुम्ही शंख फुंकलात. अगं, मला अजून बसायचं होतं."

 मग बाई हळूच, स्वतःशीच म्हणाल्या, "मला अजून बसायचं होतं."

"चौदा मिनिटांसाठी नवीन ठराव लागेल," वाएलुपे म्हणाली. "आणि भट्टी उघडलीय. निरफणस गार होईल."

नवीन ठरावाला अनुमोदन मिळालं नाही. सगळ्या जेवायला निघाल्या आणि बाईंना मधोमध घेऊन गेल्या. बाई रागारागानं जेवल्या. निरफणस उत्तम होता, त्यामुळे तर राग आणखीच वाढला. हात धुऊन त्यांनी इमोजेनला संदेश पाठवला: काँक्रीट परत पाठव. घर विकत नाही.

दोन मिनिटांत फोन वाजला.

"आई, कोण आहे तुझ्याजवळ? कुणी लिहायला लावलं हे?"

"कुणी नाही लावलं. जवळ तीसेक जण आहेत."

"तीस? तू एकटी राहणार होतीस ना?"

"ठरलं होतं खरं. आज तास मिळाला. त्यातलीही चौदा मिनिटं मारली यांनी."

"म्हणजे आठवड्यात एकूण शेहेचाळीस मिनिटं? आई, आपलं ठरलं होतं आठवडाभराचं. हे जमलं म्हणायचं का?"

"मला भीती वाटली नाही, इमोजेन. शंख वाजल्यावर इतका राग आला की मी सव्वीस बायकांवर ओरडले. मला घरी जाऊन ती चौदा मिनिटं पुरी करायचीत. काचेचं कपाट तुझ्या जुन्या पलंगाच्या जागी ठेवणार आहे. पलंग हवा असेल तर घेऊन जा."

 तेवढ्यात पेनीनं प्रार्थनेचा शंख फुंकला, या वेळी वेळेवर, आणि घरात सगळे मांडी घालून बसले. फुआतिनोच्या नवऱ्यानं सुरुवात केली.

"आई, ते माझं नाव का घेतायत?"

"तुला सद्बुद्धी मिळावी म्हणून. कालपासून चालू आहे."

"मला? मी काय केलं?"

"ते पुढे केव्हातरी सांगते. आत्ता बोलू नये, प्रार्थना आहे."

प्रार्थनेनंतर बाईंनी सांगितलं, की लेकीनं खोलीचं काम थांबवलंय. इमोजेन तसं म्हणाली नव्हती. ती 'ठीक आहे, मी त्या माणसाला फोन करते' असं म्हणाली होती, आणि तेही पडलेल्या आवाजात. पण सालेमुलीत तेवढ्यानं गलका झाला. देवानं एका दिवसात ऐकलं. फुआतिनोच्या नवऱ्यानं गुडघ्यापेक्षा इमोजेनचं काम आधी झालं याची थोडी खंत बोलून दाखवली, पण एकूण समाधान होतं. राग काय तो फक्त ब्रॉन्विनबाईंच्या मनात उरला होता, आणि तो जावा म्हणून कुणी मागणं मागितलं नाही.

रविवारी बस नसते. सोमवारी सकाळी फुआतिनो त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आली, बरोबर घरचे सहा जण. बस लांबून दिसायला लागली तशी तिनं बाकीच्यांना थोडं मागे सरायला सांगितलं. ते चार पावलं सरले.

"ताई, एक विचारू? त्या वेळात नक्की काय केलंत हो तुम्ही?"

"काही नाही."

"शेहेचाळीस मिनिटं काहीच नाही?"

"एक खेकडा बघितला. टेबल हलवलं. मनातल्या मनात."

फुआतिनो विचारात पडली. "माझा जन्म झाला तेव्हा घरात तेरा माणसं होती," ती म्हणाली. "मग लग्न झालं. मग ही नऊ. परवा मी पाठ करून बसले होते ना, तेव्हा समोर नुसता डोंगर होता, आणि शेजारची जरा गप्प होती. तेवढंच. पण बरं वाटलं." तिनं मागे पाहून आवाज खाली आणला. "मी मंडळात अर्ज दिलाय. एक तास. आणखी पाच जणींनी दिलाय, पण माझा नंबर पहिला. गुरुवारी."

ब्रॉन्विनबाईंना आठवड्यात पहिल्यांदाच कुणाला तरी मिठी मारावीशी वाटली, आणि त्यांनी मारली. "अगं, छान. आणि चार वाजेपर्यंत उठू नकोस. शंख वाजला तरी."

"नाही उठायची." बस येऊन थांबली. फुआतिनोनं बाईंची पिशवी वर दिली, आतल्या एका बाईला ओरडून सांगितलं की ही एकटी आहे, सांभाळून न्या, आणि मग खिडकीशी येऊन म्हणाली, "वाएलुपेला विचारलंय. ती येणारेय माझ्याबरोबर बसायला. एकटीनं काय करमणार तिथं?"